मिलिमीटरभर कमी

मेंदूविकार विभागातल्या स्कॅनच्या मशीनवर ती सतरा वर्षं काम करत होती. रुग्ण तिला सिस्टर म्हणायचे, त्यांचे नातेवाईक मॅडम म्हणायचे आणि विभागातले झाडून सगळे ताई म्हणायचे. हुद्द्याने ती तंत्रज्ञ होती. ती स्वतः म्हणायची, हुद्दा काही का असेना, काम एकच आहे. माणसाला आडवं करायचं आणि सांगायचं, हलू नका.

दिवसाला चौदा-पंधरा माणसं व्हायची. प्रत्येकाला तेच प्रश्न. अंगात कुठे धातू आहे का, हृदयाला यंत्र बसवलंय का, बंद जागेत घाबरायला होतं का. कानात बोळे, अंगावर पांघरूण, डोक्यावर पिंजरा, हातात रबरी फुगा. काही वाटलं तर हा दाबा. मग काचेपलीकडे जाऊन बसायचं आणि पुढची वीस मिनिटं मशीनची ठोकाठोक ऐकायची. घरी गेल्यावर नवऱ्याने टीव्ही लावला की ती नुसता हात वर करायची आणि तो आवाज बंद करायचा.

संशोधनाला मशीन मिळायचं ते शनिवारी दुपारी, रुग्ण संपल्यावर. विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, सहा वर्षांपूर्वी एक अभ्यास सुरू केला होता. पन्नाशी-साठीच्या धडधाकट माणसांचे मेंदू दर दोन वर्षांनी तपासायचे आणि वयाबरोबर ते किती आकसतात ते मोजायचं. विसरण्याचा आजार डोकं वर काढायच्या आधीच ओळखता यावा, हा हेतू. साठ माणसांपासून सुरुवात झाली होती. कुणी गाव सोडलं, कुणी जग सोडलं, दोघांना त्या नळकांड्यात पुन्हा जायचा धीर झाला नाही. उरली बेचाळीस. आकडा भरायला म्हणून सुरुवातीलाच कर्मचाऱ्यांतले चारजण घेतले होते, त्यांत ताईही होती. स्वतःचं स्कॅन करून घेताना तिला पहिल्यांदा कळलं, की आपण लोकांना किती सहज सांगतो, हलू नका.

सत्तावीस नंबरचे मास्तर या बेचाळिसांपैकी. शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. दोन्हीकडे ब्रेक असलेली छोटी गाडी घेऊन त्यांनी तीस वर्षं माणसांना रस्त्यावर आणलं होतं. सरांनाही त्यांनीच शिकवलं होतं आणि ते सांगायची संधी मास्तर सोडत नसत. "तुमचे सर रिव्हर्सला रडायचे," असं पहिल्याच भेटीत त्यांनी ताईला सांगून टाकलं. स्कॅन झाल्यावर बुटाच्या नाड्या बांधता बांधता ते विचारायचे, "काय, सापडलं का डोक्यात काही?" ताई म्हणायची, "ते डॉक्टर सांगतील." दोघांनाही ठाऊक होतं की डॉक्टर काही सांगणार नाहीत. अभ्यासाचा नियमच तसा होता. सहभागी माणसाला आकडे सांगायचे नाहीत, कारण एकट्या माणसाच्या आकड्याला अर्थ नसतो, बेचाळीस जणांच्या मिळून असतो.

तिसऱ्या फेरीला हा नियम ताईच्या हातून मोडला.

ती फेरी सुरू होती तेव्हा संशोधन करणारी डॉक्टर मुलगी नवीनच आली होती. तिला सगळे थिसिस म्हणायचे, कारण कुठेही विचारलं, ती कुठंय, तर उत्तर एकच, थिसिस लिहितेय. विभागात जागा नव्हती म्हणून तिचा संगणक ताईच्याच खोलीत, मशीनच्या पडद्याशेजारी मांडला होता. त्यावर प्रत्येक नंबराची एकेक रेघ, फेरीगणिक मेंदूचं माप दाखवणारी. स्कॅन झालं की नवा ठिपका आपोआप पडायचा. त्या शनिवारी सकाळी, थिसिस यायच्या आधी, ताईने स्वतःची रेघ बघितली होती. ती खाली गेली होती. थोडीथोडकी नव्हे, तीन टक्के. ताईने पडदा बंद केला आणि पहिल्या रुग्णाला आत घेतलं.

संध्याकाळी पाचला मास्तर स्कॅन संपवून बाहेर आले, तर पडदा समोरच. हातातल्या चिठ्ठीवर त्यांचा नंबर होताच.

"ही माझी रेघ का हो? खाली कशी गेली?"

ताईचे पाय भरून आले होते. सकाळपासून जेवायला बसली नव्हती. डोळ्यांसमोर स्वतःची रेघ तशीच होती. नेहमीचं उत्तर जिभेवर आलंच नाही.

"थोडं कमी झालंय, मास्तर. वयाप्रमाणे होतं," ती म्हणाली.

"बरं," मास्तर म्हणाले. नाड्या बांधल्या आणि गेले.

*

नंतरची दोन वर्षं ताईने स्वतःवर पाळत ठेवण्यात घालवली. ती तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. दूध उतू गेलं की तिला घाम फुटायचा. शेजारणीच्या मुलीचं नाव जिन्यात आठवलं नाही तर ती दारापर्यंत पोचून, कुलूप उघडून, आत बसून ते आठवायची आणि आठवल्याशिवाय पाणी प्यायची नाही. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. फ्रिजवर, आरशावर, कपाटाच्या आत. नवरा म्हणाला, "घर आहे की नोटीसबोर्ड?" ती हसली. त्याला खरं सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज ती पुढे ढकलायची. सांगून तरी काय होणार होतं? दोघंही दुधाकडे बघत बसली असती.

दरम्यान सरांचा लेख छापून आला. पन्नाशीनंतर धडधाकट माणसाचा मेंदू समजलं जातं त्याहून लवकर आकसतो, असा निष्कर्ष. सर दोन-तीन परिषदांना जाऊन आले. विभागात एकदा सगळ्यांना चहा झाला. लेखाच्या शेवटी, आभारांच्या ओळीत, तंत्रज्ञांचा उल्लेख होता. नाव नव्हतं, पण उल्लेख होता.

चौथ्या फेरीला मास्तर आले ते बायकोला घेऊन. एरवी एकटे यायचे. फॉर्म तिनेच भरला, चष्मा तिनेच काढून घेतला, नळकांड्यात जाताना पांघरूणही तिनेच नीट केलं. ते आत गेल्यावर काकू ताईजवळ येऊन बसल्या.

"शिकवणं बंद केलंय त्यांनी. दीड वर्ष झालं."

"का हो?"

"म्हणाले, शेजारी शिकाऊ बसलाय आणि मलाच ऐन वेळी ब्रेक सुचला नाही तर? गाडी जावयाला देऊन टाकली. आता भाजी आणायलाही माझ्याबरोबर येतात. रस्ता चुकेन म्हणतात."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

काकूंनी तिच्याकडे बघितलं. "तुम्हीच सांगितलंत ना त्यांना. डोकं लहान होतंय म्हणून."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं त्यांनी सांगितलं. ताईने मान खाली घातली आणि पुढच्या माणसाचा कागद शोधू लागली. पुढचं माणूस नव्हतंच. मास्तर शेवटचे होते.

*

तीन आठवड्यांनी थिसिस डोकं धरून बसलेली ताईला दिसली.

"काय झालं गं?"

"ताई, हे बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत अगदी थोडा उतार. दुसरी आणि तिसरी यांच्यात सगळे धाडकन खाली. आणि आता तिसरी ते चौथी, परत जवळजवळ सपाट. मी लिहून बसलेय की ही घसरण वाढत जाणार. थांबली कशी?"

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. तरुण काय, म्हातारे काय. बेचाळीसच्या बेचाळीस."

ताईने स्वतःची रेघ बघितली. पायरी उतरून पुढे सरळ चाललेली. मास्तरांचीही तशीच. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते निराळंच. बेचाळीस माणसं एकाच सालात म्हातारी होतात आणि मग ठरवून थांबतात, असं कुठे असतं?

त्या सालात काय झालं होतं, हे तिला आठवायला चिठ्ठी लागली नाही. दुसऱ्या फेरीनंतरच्या उन्हाळ्यात मशीन नऊ दिवस बंद पडलं होतं. आतला एक मोठा भाग बदलला होता. त्या नऊ दिवसांत बाहेर रुग्णांच्या शिव्या तिनेच खाल्ल्या होत्या.

दर सोमवारी सकाळी, पहिला रुग्ण घ्यायच्या आधी, मशीनमध्ये एक पाण्याने भरलेला प्लास्टिकचा गोळा ठेवून त्याचं चित्र काढायचं असतं. गोळ्याचा व्यास एकशे सत्तर मिलिमीटर. चित्रात तो तेवढाच मोजला गेला पाहिजे. एकशे अडुसष्ट ते एकशे बहात्तर यांच्यात काहीही आलं तर रकान्यात 'ठीक' लिहायचं. ताईने सतरा वर्षांत एक सोमवार चुकवला नव्हता आणि त्या वह्या सतरा वर्षांत कुणी मागितल्या नव्हत्या.

तिने कपाटातून वही काढली. दुरुस्तीच्या आधी एकशे सत्तर, एकशे सत्तर, एकशे एकोणसत्तर पूर्णांक नऊ. दुरुस्तीनंतर एकशे अडुसष्ट पूर्णांक आठ. मग अडुसष्ट पूर्णांक सात. मग परत आठ. आणि प्रत्येक ओळीपुढे तिच्याच अक्षरात, ठीक, ठीक, ठीक.

थिसिस तिच्या खांद्यावरून वाचत होती. "पण हे मर्यादेत आहे, ताई."

"रुग्णासाठी मर्यादेत आहे. गाठ आहे की नाही बघायला एवढ्याने काय बिघडतं? तू एक-एक टक्का मोजतेयस." ताईने बोट आकड्यावर ठेवलं. "हा सव्वा मिलिमीटर लांबीत गेला, रुंदीत गेला, उंचीतही गेला. आकारमानात किती होतो ते तूच काढ."

थिसिसने काढलं. दोन टक्क्यांच्या थोडा वर. तिने पुन्हा एकदा हिशेब केला.

"म्हणजे माणसं नाही आकसली."

"गोळ्याला कुठे म्हातारपण येतं?" ताई म्हणाली आणि खुर्चीत बसली. थिसिसला रडू आलं. दोन वर्षांचं काम होतं. ताईने तिला पाण्याचा पेला दिला. समजूत काढण्याएवढं त्राण तिच्यात नव्हतं. तिच्या मनात दोन वर्षं आरशावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या.

*

सरांनी वही दोनदा वाचली. चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला.

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"आपल्या तिघांना," ताई म्हणाली.

सर खिडकीकडे वळले. खाली वाहनतळावर दोन गाड्या एकाच जागेसाठी अडून उभ्या होत्या. "दोन दिवस द्या मला," ते म्हणाले.

दोनाचे दहा झाले. या दहा दिवसांत सर जिन्यात दिसले की मान हलवून पुढे जायचे. थिसिसने कुणी न सांगताच सगळे आकडे गोळ्याच्या मापाने दुरुस्त करून पुन्हा मांडले. घसरण एक टक्क्याच्या आत आली. पूर्वीपासून सगळ्यांना माहीत होती तेवढीच. ताई रुग्ण घेत राहिली. हलू नका, संपतच आलंय. आणि रोज वाटायचं, आज वही मागायला येतील. पण वही मागायला येतील की गप्प बसा म्हणायला, हे तिला कळत नव्हतं.

अकराव्या दिवशी सरांनी दोघींना बोलावलं.

"मासिकाला लिहिलं मी. लेख मागे घेतोय." ते खुर्चीत मागे टेकले. एरवी ताठ बसणारा माणूस. "खरं सांगू का? पहिले चार दिवस मी एकच शोधत होतो, हे खोटं कसं ठरवता येईल. नाही ठरलं. चाळीस-बेचाळीस माणसं, शनिवारच्या उरल्यासुरल्या वेळात आणि तेही रुग्णांसाठी बनवलेलं मशीन. आपण जो फरक शोधतोय त्याच्यापेक्षा मशीनचीच थरथर मोठी. आपल्या या क्षेत्रात असं किती असेल कुणास ठाऊक."

"माझ्या थिसिसचं काय?" मुलीने विचारलं.

"हेच लिही. मोजताना काय चुकलं ते लिही. कुणी टाळ्या वाजवणार नाही, पण कामाला येईल."

ती गेल्यावर ताई थांबली. "सर, सहभागी माणसांना कळवणार का?"

"त्यांना आपण काही सांगितलंच नव्हतं. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीचं म्हणणं पडेल, गरज नाही."

"एकाला सांगितलं होतं. मी."

तिने सगळं सांगितलं. रेघ, बुटाच्या नाड्या, गाडी, जावई. सर ऐकत होते. मास्तरांचं नाव निघाल्यावर त्यांनी कपाळावर हात ठेवला.

"लेखी ताकीद द्यावी लागेल तुम्हाला."

"द्या."

"आणि माझं काय? तुमच्या पडद्याशेजारी तो संगणक मीच ठेवायला लावला." ते खुर्चीतून उठले. "मी येऊ का बरोबर?"

"नको. तुम्ही आलात की त्यांना वाटेल, काहीतरी मोठं आहे. मी जाते."

*

रविवारी दुपारी ती मास्तरांच्या घरी गेली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. भिंतीवर शिकून गेलेल्या मुलामुलींचे फोटो, प्रत्येकजण हातात परवाना धरून उभा. मास्तर सोफ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. काकूंनी पाणी आणलं आणि दारालाच टेकून उभ्या राहिल्या.

ताईने ठरवून आणलेली वाक्यं होती. ती एकही उपयोगी पडली नाही. ती म्हणाली, "मास्तर, दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं होतं. मशीनचं माप बिघडलं होतं. तुमच्यासारखंच सगळ्यांचं कमी दिसलं. माझंसुद्धा."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती मोडली आणि पुन्हा घातली.

"म्हणजे मी ठीक आहे?"

हो म्हणावं असं तिच्या फार मनात आलं. एका शब्दाचं काम होतं. पण असल्याच एका वाक्याने इथवर आणलं होतं.

"ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच माहीत आहे, की तुम्ही आजारी आहात असं ते माप सांगत नव्हतं. ठीक आहात की नाही, हे तसल्या एका मापावरून कुणालाच सांगता येत नाही."

"मग मी विसरायचो ते?"

"काय विसरायचात?"

"चष्मा. माणसांची नावं. एकदा पुलावरून वळायचं ते सरळ गेलो."

"मीही विसरत होते. दोन वर्षं सगळ्या घरात चिठ्ठ्या लावल्या होत्या. वळण तर मी आज इथे येतानाच चुकले."

मास्तर हसले नाहीत. काकू दारातून पुढे आल्या. त्यांचा आवाज वर चढला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला.

"दोन वर्षं हा माणूस पहाटे उठून पाढे म्हणतो. विसरलो नाही ना बघायला. आमच्या नातीला एकट्याने कडेवर घेत नाही, हातून पडेल म्हणतो. पोरं शिकायला दारात यायची, ती याने परत पाठवली. आणि तुम्ही आज येऊन सांगता, माप चुकलं."

"हो," ताई म्हणाली. "माझं चुकलं. मशीनचं चुकलं ते वेगळं. ते बोलणं माझं होतं."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. काकू आत गेल्या आणि नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू राहिला.

मास्तर म्हणाले, "तुम्हाला तरी कुणी सांगितलं का, तुमचं ठीक आहे म्हणून?"

"नाही. माझं मलाच कळलं, वही बघून."

"तेव्हा काय वाटलं?"

ताईने विचार केला. "झोप आली," ती म्हणाली. "त्या दिवशी सात वाजताच झोपले."

मास्तरांनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांना पटलं. मग म्हणाले, "मी आता परत स्कॅनला येणार नाही. रागावून नाही. पण मला माझ्या डोक्याचं काही कळून घ्यायचं नाही."

"नका येऊ. मी लिहून घेते तसं."

निघताना ते दारापर्यंत आले. काकू बाहेर आल्या नाहीत.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, पहिल्या रेघेपासून. शेवटी इतकंच म्हणाला, "दोन वर्षं एकटीने?" आणि उठून स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा डोळे पुसून आला होता, हे तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

*

ताकीद आली, फाइलला लागली. अभ्यास बंद झाला नाही. एकेचाळीस माणसांवर चालू राहिला. थिसिसचा संगणक दुसऱ्या मजल्यावरच्या कोंदट खोलीत हलवला. तिने नवीन प्रबंध लिहायला घेतला आणि आता ती सोमवारी सकाळी स्वतः येऊन वहीवर सही करू लागली. ताईचा थकवा काही गेला नाही. दिवसाला चौदाची सतरा माणसं झाली होती.

दोन महिन्यांनी एका सकाळी विभागाचा फोन वाजला. काकूंचा आवाज ताईने ओळखला.

"परवाना संपलाय त्यांचा. नवा करायला डोळ्यांचा दाखला लागतो म्हणे. तुमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. नऊच्या आत चिठ्ठी काढावी लागते, नाहीतर दुपार होते."

"शिकवणार नाहीत आता. नातीला शाळेत सोडायचं म्हणतात. जावयाकडून गाडी मागून घेतलीये."

"बरं."

"मंगळवार, शुक्रवार," काकू म्हणाल्या, बहुधा लिहून घेत असाव्यात. "कोणत्या दाराने?"

"मागच्या. समोरच्या दाराला गर्दी असते."

काकूंनी फोन ठेवला. ताईने बाहेर डोकावून पुढच्या माणसाला हाक मारली. एक म्हातारे गृहस्थ मुलीचा हात धरून उठले. त्यांनी जाकिटाचे खिसे आधीच रिकामे केले होते.

"अंगात कुठे धातू आहे का, काका?" तिने विचारलं.

"एक दात आहे," ते म्हणाले. "चालेल का?"

"चालेल," ताई म्हणाली आणि त्यांच्यासाठी दार धरून उभी राहिली.